अंगणवाडीच्या अंगणात मूल सुरक्षित आहे का? घसरगुंडीपासून स्लॅबपर्यंत काय बघायचं, आणि अर्ज कुणाकडे द्यायचा

अहिल्यानगर : सकाळचे साडेदहा. मदतनीस ताई आत खिचडीला फोडणी देत आहेत. सेविका ताई पोषण ट्रॅकरवर हजेरी भरायला बसल्या, पण खोलीत रेंज नाही म्हणून मोबाईल घेऊन रस्त्याच्या कडेला गेल्या. अंगणात वीस-बावीस पोरं. कुणी घसरगुंडीवर उलटं चढतंय, कुणी झोपाळ्याच्या पुढून पळतंय, एक जण फाटकाबाहेर बकरीच्या मागे निघालाय. या पाच-सात मिनिटांत मुलांकडे बघणारं मोठं माणूस एकही नसतं.

अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठल्याही गावात हे चित्र दिसेल. यात कुणी मुद्दाम हलगर्जीपणा करतंय असं नाही. दोन बायका, चार जणींचं काम आणि अंगणात एवढी पोरं, असं ते गणित आहे. मिनी अंगणवाडी असेल तर अनेक ठिकाणी मदतनीसही नव्हती. एकट्या सेविकेनंच शिकवायचं, रांधायचं, वजन-उंची घ्यायची आणि फोनही उचलायचा.

राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून आहार, लसीकरण, वजन, शाळापूर्व शिक्षण यावर भरपूर बोललं गेलं. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या अंगणात मूल रोज तीन-चार तास असतं ते अंगण, ती भिंत आणि ती घसरगुंडी तपासायची कुणी, हा प्रश्न मागेच राहिला.

तपासणी होते, पण कशाची?

अंगणवाडीला भेट द्यायला बरेच जण येतात. मुख्यसेविका, म्हणजे पर्यवेक्षिका, यांच्याकडे साधारण २० ते २५ अंगणवाड्या असतात. पद रिकामं असलं की दुसऱ्या बीटचा भारही त्यांच्यावरच येतो. त्यांच्या वर तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी आणि जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासतं. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य सेविका येतात.

या सगळ्यांचं लक्ष मुख्यतः मुलांच्या तब्येतीकडे आणि कागदाकडे असतं. हजेरी किती, कमी वजनाची मुलं किती, आहाराचा साठा किती शिल्लक. भेट संपली की शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या जातात, ‘अंगणवाडी स्वच्छ, उपस्थिती समाधानकारक’. झोपाळ्याच्या साखळीची कडी झिजून अर्धी राहिली आहे, ही नोंद त्या वहीत क्वचितच सापडते.

इमारतीचं काम तर वेगळ्याच खात्याचं. अंगणवाडीची खोली जिल्हा परिषदेची असेल तर तिचा अहवाल बांधकाम विभागाचे शाखा अभियंता देतात. खोली समाज मंदिरात, भाड्याच्या घरात किंवा देवळाच्या ओवरीत असेल तर जबाबदारी कुणाची हे ठरवण्यातच पावसाळा निघून जातो. खेळणी आमदार निधीतून किंवा कंपनीच्या सीएसआरमधून आलेली असतात. नारळ फुटतो, फोटो निघतो, पेपरात बातमी येते. नंतर त्यांना तेलपाणी कुणी करायचं हे कुठल्याच कागदावर नसतं.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अंगणवाडीत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे निदान या तीन गोष्टी मागताना ‘उपकार करा’ म्हणायची गरज नाही.

घसरगुंडी आणि झोपाळा : इथेच जास्त बघा

तीन ते सहा वर्षांचं मूल खेळताना पडणारच. पडणं थांबवता येत नाही, थांबवूही नये. खाली काय आहे यावर मात खरचटण्यावर निभावणार की डोक्याला मार बसणार हे ठरतं. आपल्याकडे बहुतेक घसरगुंड्या मुरमावर, फरशीवर नाहीतर पेव्हर ब्लॉकवर उभ्या आहेत. पेव्हर ब्लॉक फोटोत छान दिसतात, पण चार फुटांवरून पोरगं डोक्यावर आलं तर फरशीत आणि त्यांच्यात काही फरक नाही.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका आहे. देश वेगळा असला तरी पोराचं डोकं सगळीकडे सारखंच, म्हणून तिच्यातले आकडे आपल्यालाही उपयोगी आहेत. चार फूट उंचीपर्यंतच्या खेळण्याखाली किमान ९ इंच मऊ वाळू असावी आणि खेळण्याच्या चारही बाजूंना ६ फूट जागा मोकळी असावी, असं ती सांगते.

हिशोब करून बघू. घसरगुंडी ३ फूट रुंद आणि ८ फूट लांब धरा. चारही बाजूंना ६ फूट सोडले की जागा होते १५ बाय २० फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. त्यावर ९ इंच वाळू म्हणजे २२५ घनफूट, साधारण सव्वादोन ब्रास. एवढे पैसे एकदम जमणार नसतील तर शिडीच्या बाजूला आणि उतरणीच्या टोकाला आधी टाका, कारण पोरं जास्त करून तिथेच पडतात. कडेला विटांची किंवा जुन्या टायरची पाळ करा, नाहीतर पहिल्याच पावसात वाळू वाहून जाईल. क्रशरची बारीक चुरी स्वस्त पडते, पण ती पाणी पडलं की दगडासारखी घट्ट बसते, म्हणून ती नको. वाळूत मांजरं घाण करतात, काचा येतात. त्यामुळे रोज सकाळी एकदा दाताळं फिरवावं लागतं. हे काम मदतनीस ताईंच्या अंगावर न टाकता वस्तीतल्या एखाद्या तरुण मंडळानं घेतलं तर फार बरं.

घसरगुंडी पत्र्याची असेल तर एप्रिल-मे महिन्यात दहा वाजल्यानंतर तिला हात लावून बघा. आपल्या हाताला चटका बसत असेल तर चड्डी वर गेलेल्या पोराच्या मांडीचं काय होत असेल! लहान मुलाची कातडी पातळ असते, काही सेकंदांत फोड येतो. खेळणं झाडाखाली हलवा, वर शेडनेट टाका, नाहीतर उन्हाळ्यात सरळ दोरी बांधून बंद ठेवा.

मग वेल्डिंग बघा. पत्र्याच्या कडा उचकटल्या आहेत का, पायऱ्यांमधली एखादी गायब आहे का, नटबोल्ट बाहेर आलेत का. खांब जमिनीत शिरतो तिथे गंज सगळ्यात आधी लागतो आणि वरच्या रंगामुळे दिसत नाही. तिथे हातोडीने हलकं ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ खरखर आली किंवा पापुद्रा सुटला तर ते खेळणं त्याच दिवशी बंद करा.

कठड्याच्या गजांमधली फट हा प्रकार तर कुणाच्याच लक्षात येत नाही. साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि ९ इंचांपेक्षा छोटी फट धोक्याची समजतात. पोरगं पायाकडून घुसतं, अंग निघतं आणि डोकं अडकतं. पाय खाली टेकत नसतील तर मान आवळली जाते. साडेतीन इंच म्हणजे मोठ्या माणसाच्या चार बोटांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. टेप नसला तरी हातानं अंदाज येतो.

आणि गळ्यातला दोरा. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, ताईत, कानटोपीची नाडी, मुलींची ओढणी हे सगळं गळ्याभोवती असतं. घसरताना तो दोरा वरच्या बोल्टात अडकला तर मूल त्याच दोऱ्याला लटकतं. श्रद्धेचा प्रश्न असेल तर दोरा कमरेला किंवा दंडाला बांधा, पण खेळायला सोडताना गळ्यात काही नको. आजीला हे समजावणं अवघड जातं, पण समजावायला हवं.

झोपाळ्याबद्दल थोडं. लाकडी फळी किंवा लोखंडी पट्टीची बैठक असेल तर ती काढून टायरच्या रबराची बसवा. झोपाळ्यावरून पडून जेवढं लागतं तेवढंच हलत्या झोपाळ्याच्या समोरून पळणाऱ्या पोराच्या कपाळालाही लागतं. वरची दांडी ८ फुटांवर असेल तर पुढे १६ फूट आणि मागे १६ फूट मोकळे हवेत. एवढी जागा नसेल तर झोपाळा लावूच नये. एका चौकटीला दोनच झोपाळे, तिसरा नको.

ओपन जिमचं वेगळंच. ग्रामपंचायतीनं व्यायामाची यंत्रं बसवली, जागा मिळाली ती अंगणवाडीशेजारची. ती यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची आहेत. हलणाऱ्या सांध्यात पोराचं बोट गेलं तर चेंगरतं, वर बसलेल्याला कळतही नाही. ती हलवता येत नसतील तर मध्ये जाळी घाला.

अंगणाच्या बाहेर

आपल्या जिल्ह्यात अंगणवाडीचा धोका बऱ्याचदा फाटकाबाहेर असतो. संगमनेर, पारनेर, राहाता पट्ट्यात शेततळी भरपूर झाली. त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. शेवाळ धरलेल्या त्या कागदावरून मोठ्या पोहणाऱ्याला वर येता येत नाही, तिथे चार वर्षांच्या पोराची काय कथा. तळ्याला जाळीचं कुंपण आणि आत चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडलेला असला पाहिजे. तळं खाजगी असलं तरी अंगणवाडीजवळ असेल तर ग्रामपंचायतीनं मालकाला लेखी सांगावं. अंगणवाडीच्या आवारातला उघडा हौद, बॅरल, शौचालयाच्या टाकीचं फुटकं झाकण हेही तितकंच वाईट. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं, आणि ते बुडताना सिनेमातल्यासारखा आरडाओरडा होत नाही.

जुनी बंद पडलेली बोअर जवळ आहे का बघा. हरियाणातल्या हल्दाहेडी गावात २००६ मध्ये प्रिन्स नावाचा मुलगा बोअरमध्ये पडला तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याबाबत सूचना दिल्या. बोअरला झाकण वेल्ड करून किंवा बोल्टनं पक्कं बसवायचं, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरून टाकायची. गोणपाट आणि वर दगड ठेवला म्हणजे बोअर बंद झाली असं होत नाही.

ऊस अंगणवाडीच्या भिंतीला लागून असेल तर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर भागातल्या लोकांना बिबट्याबद्दल वेगळं सांगायला नको. खाली बसलेलं, वाकलेलं लहान मूल त्याला भक्ष्यासारखं दिसतं. म्हणून शौचाला मूल एकटं बाहेर पाठवायचं नाही, आवारातलं गवत आणि रायमुनिया काढून टाकायची, आणि बिबट्या दिसल्याचं कळलं की त्या दिवशी मुलं आतच ठेवायची. वनविभागाचा क्रमांक १९२६ दारावर लिहून ठेवा.

विजेच्या खांबाचा ताण आवारात उतरला असेल तर पावसाळ्यात त्यात करंट येऊ शकतो. महावितरणला १९१२ वर कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. खोलीत बोर्ड उघडा असेल, वायर लोंबत असेल तर ते काम गावातला वायरमन तासाभरात करतो. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवली तर शॉक लागताक्षणी लाईन तुटते.

छत बोलतं, ऐकायला हवं

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत कोसळलं. सात मुलं गेली. छतातून खडे पडतायत असं मुलांनी आधी सांगितलं होतं, असं बातम्यांमध्ये आलं. त्या आधी १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी शाळा होती, पण धोका अंगणवाडीलाही तोच. मुलं लहान, त्यामुळे जरा जास्तच. सहा वर्षांचं पोर निदान पळतं, तीन वर्षांचं टेबलाखाली जाऊन लपतं.

स्लॅबला पोपडे, गंजाचे तपकिरी ओघळ, उघडे पडलेले गज, तुळईला आडवी भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग. यातलं काहीही दिसलं की मोबाईलवर तारखेसह फोटो काढा. काठीनं स्लॅब ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर त्या खाली मुलं बसवू नका. अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघर पट्ट्यात पाऊसच एवढा की गळकं छत नेहमीचंच वाटायला लागतं. गळणारं पाणी आतल्या गजापर्यंत गेलं की गज फुगतो आणि काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणजे गळती हीच पहिली सूचना.

खोली धोकादायक असेल तर शाखा अभियंत्यांचा अहवाल आणि त्यानंतर निर्लेखनाचा प्रस्ताव, म्हणजे ती इमारत कागदावरून कमी करून पाडायची परवानगी, हा रस्ता आहे. त्याला वेळ लागतो. तोपर्यंत मुलं त्याच खोलीत बसवायची असा कुठलाही नियम नाही. शाळेची रिकामी खोली, ग्रामपंचायतीचा हॉल, एखाद्याचं पक्कं घर, काहीही चालेल. निर्लेखन झालेली पण न पाडलेली पडकी खोली शेजारी तशीच उभी असेल तर तिला काटेरी तार लावा. पोरांना असली जागा फार आवडते.

स्वयंपाकाचं थोडक्यात. सिलिंडर उभं, शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर, नळी आयएसआय मार्कची आणि पाच वर्षांच्या आतली, आणि दाराला आडवं फळकूट, म्हणजे रांगतं-पळतं मूल आत शिरणार नाही. गॅस गळतीसाठी १९०६. चुलीवर किंवा बचत गटाकडून आहार येत असेल तर गरम पातेलं मुलांच्या रांगेतून न्यायचं नाही, आधी वाढून मग मुलं बसवायची. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलाला हातात देऊ नका. हसता-पळताना ते श्वासनळीत जातात. कूट करून द्या.

लक्ष ठेवायचं म्हणजे नक्की काय

‘बघते हो मी’ म्हणजे लक्ष ठेवणं झालं असं नाही. मुलं बाहेर काढताना मोजायची, खेळ चालू असताना मध्ये एकदा मोजायची, आत घेताना पुन्हा मोजायची. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. हे तीन मोजणे दोन मिनिटांचं काम आहे. बाहेर गेलेलं मूल अर्ध्या तासानं नाही, पाच मिनिटांत लक्षात येतं, आणि तेवढ्यात ते फार लांब गेलेलं नसतं.

उभं कुठे राहायचं यालाही अर्थ आहे. ओट्यावर बसून पाठीमागचा कोपरा दिसत नाही. घसरगुंडी आणि फाटक दोन्ही एका नजरेत येतील अशी जागा ठरवावी आणि खेळ चालू असताना तिथून हलू नये. वीस मुलं एकदम बाहेर न सोडता दहा-दहाच्या दोन पाळ्या केल्या तर एकट्या बाईलाही झेपतं.

सगळ्यात सोपा बदल वेळापत्रकाचा आहे. खेळ आणि स्वयंपाक एकाच वेळी नको. आल्या आल्या पहिला पाऊण तास बाहेरचा खेळ ठेवला तर मदतनीस ताई मोकळ्या असतात, उन्हाचा कडाकाही नसतो, आणि नंतर फोडणीच्या वेळी मुलं आत गाण्या-गोष्टीत बसलेली असतात. खेळाच्या त्या पाऊण तासात ट्रॅकरची नोंद, फोन, मीटिंगचा निरोप काही नाही. हे सेविकेनं एकटीनं ठरवून चालत नाही, कारण वरून फोन आला की तिला उचलावाच लागतो. म्हणून मुख्यसेविकेनं आणि प्रकल्प कार्यालयानंही त्या वेळात फोन न करण्याचं मान्य करायला हवं.

काही वस्त्यांवर आयांची पाळी लावता येते. आठवड्यातून एक दिवस एका मुलाची आई, आजी, नाहीतर घरी असलेला बाप येऊन उभा राहतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे ऊसतोडीच्या दिवसांत हे अवघड होतं. आई-बाप कारखान्यावर आणि मूल आजीजवळ. तिथे आजी-आजोबांनाच पाळी द्यावी लागते, आणि ते येतातही.

मूल घ्यायला कोण येणार हे वहीत लिहिलेलं असावं. सात-आठ वर्षांचा दादा येतो आणि रस्ता ओलांडून घेऊन जातो, हे आपल्याकडे सर्रास चालतं. डांबरी रस्ता आडवा येत असेल तर ते थांबवा. अनोळखी माणूस ‘मामा आहे’ म्हणून आला तर आधी घरी फोन लावायचा. कुणाच्या वागण्याचा संशय आला, मुलानं कुणी चुकीचा हात लावल्याचं सांगितलं, तर १०९८ किंवा ११२. पोक्सो कायद्यानं अशी गोष्ट माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. गावात मिटवायचं हे नाही.

लागलं तर

डोक्याला मार बसला आणि नंतर उलटी, गुंगी, झटका किंवा नाका-कानातून रक्त दिसलं तर घरी झोपवून बघत बसू नका, १०८ बोलवा. उंचावरून पडून मान दुखत असेल तर उचलून पळू नका. भाजलं तर वीस मिनिटं साध्या पाण्याची धार, वर हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. साप चावला तर चिरा नको, दोरी आवळणं नको, मूल हलू न देता सरळ सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात. कुठल्या दवाखान्यात लस आहे हे आजच विचारून भिंतीवर लिहा, त्या दिवशी शोधायला वेळ नसतो. घशात काही अडकून मूल खोकूही शकत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा.

आणि लागलेलं लिहून ठेवा. एक साधी दोनशे पानी वही पुरते. तारीख, वेळ, मूल कुठे पडलं, काय लागलं. महिन्याभरानं वही चाळली की दिसतं, तीन पोरं एकाच पायरीवरून पडली. म्हणजे दोष पोरांच्या मस्तीत नसून त्या पायरीत आहे.

ही वही न लिहिण्याचं खरं कारण भीती आहे. नोंद केली की कारणे दाखवा नोटीस सेविकेलाच येते, पालक दारात येऊन तिलाच बोलतात. मानधनावरची बाई मग गप्प बसते आणि खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावून घरी पाठवते. गंजलेली घसरगुंडी तिनं बसवली नाही, स्लॅब तिनं टाकला नाही. पालकांनी तिच्यावर ओरडायच्या आधी तिनं पूर्वी दिलेले अर्ज कुठे पडलेत ते विचारावं.

अर्ज, ठराव, पैसा

आधी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, दोन प्रतीत, फोटो जोडून. एका प्रतीवर शिक्का आणि सही, म्हणजे पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. तीच प्रत बालविकास प्रकल्प अधिकारी आणि इमारतीचा प्रश्न असेल तर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाला.

‘पैसे नाहीत’ हे उत्तर ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. वर्षभरात ते कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बऱ्याच गावांत ते शिलाई मशीन आणि हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमावर जातात. एक ट्रॉली वाळू, फाटकाला कडी आणि हौदाला झाकण यांचा खर्च त्यापेक्षा कमी असतो. पाणी आणि शौचालयाचं काम वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायत विकास आराखड्यात टाकता येतं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. विषय तिथे मांडा आणि तिथला ठराव ग्रामसभेत न्या. अंगणवाडीचा विषय पुरुषांच्या सभेत शेवटी येतो, तोवर लोक उठून गेलेले असतात. ठरावात मोघम ‘अंगणवाडी दुरुस्त करावी’ असं लिहू नका. ‘घसरगुंडीखाली सव्वादोन ब्रास वाळू, फाटकाला चार फुटांवर कडी, पश्चिमेच्या ताणाला संरक्षक पाईप’ असं मोजमाप लिहा, आणि कधीपर्यंत होणार ती तारीखही.

तरीही हललं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. विचारायचं एवढंच, की अमुक गावच्या अंगणवाडी इमारतीची शेवटची तांत्रिक तपासणी कोणत्या तारखेला झाली, त्या अहवालाची प्रत द्या. बरेचदा या एका प्रश्नानंतर अभियंत्यांची गाडी गावात येते.

सगळ्याच गोष्टींसाठी मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही. जून उजाडायच्या आत एक रविवार आणि पोळ्यानंतर एक रविवार, दोन पालक, सेविका ताई आणि ग्रामपंचायतीचा एक शिपाई एवढे जण मिळून अर्ध्या तासात आवाराची फेरी होते. सोबत टेप, हातोडी, ग्रीसचा डबा आणि १३ व १७ नंबरचा पाना घ्या. गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये ते मिळतात.